सांगाड्यावरून भटका माणूस ओळखता येतो का? हिंजवडीहून आलेल्या प्रश्नाला जरा लांबलेलं उत्तर

प्रश्न आधी परत लिहिते, म्हणजे मधूनच वाचणाऱ्यालाही संदर्भ लागेल. विचारणारे हिंजवडीत सिम्युलेशनचं काम करतात, ब्लेंडर येतं, पायथन येतं, सिथियन आणि शिओंग्नू या स्टेपमधल्या, म्हणजे युरेशियाच्या गवताळ मैदानांतल्या, जुन्या घोडेस्वार भटक्या लोकांबद्दल वाचून त्यांना या विषयाची ओढ लागलीये. त्यांनी विचारलंय की सांगाड्यांचे थ्रीडी स्कॅन देऊन कम्प्युटरला 'हा भटका, हा शेतकरी' असं ओळखायला शिकवता येईल का, आणि त्यासाठी आधी हाडं शिकू की आधी या क्षेत्रातली सॉफ्टवेअर.

मी पुण्यात बावीस वर्षं उत्खननातल्या मानवी हाडांवर काम करतेय, त्यातली शेवटची दहाएक वर्षं स्कॅनिंग आणि मॉडेलिंगसकट. दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर लगेच देते, आधी हाडं. पहिल्याचं उत्तर आहे 'जसा विचारलाय तसा नाही', पण त्याच्या अगदी शेजारी एक असा प्रश्न आहे जो तुमच्यासारख्या माणसाने घेतला तर खरंच काम पुढे जाईल. तिथपर्यंत पोचायला थोडं फिरून जावं लागेल.

मूळ अडचण अशी की भटकेपणा ही राहण्याची पद्धत आहे आणि हाडात राहण्याची पद्धत नोंदली जात नाही. हाडात नोंदला जातो भार, म्हणजे कुठल्या सांध्यावर वर्षानुवर्षं किती जोर आला. खाणं नोंदलं जातं, लहानपणी कुठलं पाणी प्यायलं ते नोंदलं जातं, उपासमार, आजार, मार, तुटून परत जुळलेली हाडं. यातल्या कशावरही 'भटका' असं लिहिलेलं नसतं, आपण चार-पाच धागे एकत्र करून तिथपर्यंत जातो आणि त्या प्रत्येक धाग्याला दुसरं स्पष्टीकरण असू शकतं.

मी विद्यार्थ्यांना नेहमी एक कसोटी लावायला सांगते. कुठलीही पद्धत वापरायच्या आधी विचार करा, ही पद्धत आपल्या धनगरांवर लावली तर ते भटके म्हणून ओळखू येतील का? दिवाळीनंतर ताम्हिणी नाहीतर वरंधा घाटाकडे जाणाऱ्या रस्त्याला मेंढरांचे कळप तुम्ही पाहिले असतील, पुढे घोड्यांवर बिऱ्हाड, कोंबड्या, कोकरं, आणि सोबत चालणारी माणसं. माणसं चालतात आणि सामान घोड्यावर असतं, त्यामुळे घोडेस्वारीच्या ज्या खुणा आपण स्टेपमधल्या सांगाड्यांवर शोधतो त्या इथे मिळायचं कारणच नाही, घोडा रोजच्या जगण्याचा भाग असूनसुद्धा.

आता खाणं बघा. कार्बनच्या समस्थानिकांवरून, म्हणजे आयसोटोपवरून, ज्वारी-बाजरीसारखी धान्यं आणि गहू-तांदूळ यांच्यातला फरक हाडात दिसतो. पण धनगर शेतकऱ्याच्या रानात वाघर, म्हणजे जाळीचं कुंपण, लावून मेंढरं बसवतात, लेंडीखताच्या बदल्यात धान्य किंवा पैसे घेतात, आणि भाकरी तीच खातात जी तो शेतकरी खातो. म्हणजे या चाचणीत मेंढपाळ आणि शेतकरी शेजारी शेजारी बसतील.

राहिलं स्ट्रॉन्शियम. दगडात असलेलं स्ट्रॉन्शियम माती, पाणी, धान्य यातून दाताच्या एनॅमलमध्ये जातं, एनॅमल लहानपणी एकदा तयार झालं की बदलत नाही, त्यामुळे माणूस लहानपणी कुठल्या प्रकारच्या खडकाच्या प्रदेशात वाढला ते कळतं. जगभर स्थलांतर शोधायला हे फार उपयोगी आहे. पण आपल्याकडे फलटणपासून घाटमाथ्यापर्यंत आणि खाली उत्तर कोकणातही बराचसा दख्खनचा बेसाल्टच आहे. एखादं माणूस आयुष्यभर वर्षाला शेकडो किलोमीटर चाललं पण सगळं बेसाल्टवरच, तर स्ट्रॉन्शियम म्हणेल ते जागचं हललं नाही. किनाऱ्याजवळ समुद्राच्या पाण्याचा अंश पावसातून येतो, समुद्राचं गुणोत्तर साधारण ०.७०९२ असतं आणि बेसाल्टचं त्याहून कमी, त्यामुळे अगदी खाली किनारपट्टीला राहणाऱ्यात थोडा फरक पडू शकतो, पण तेवढ्यावर मोठं विधान करायला मी तयार होणार नाही.

म्हणजे ज्यांचं भटकणं आपण डोळ्यांनी बघतो त्यांनाही या तिन्ही पद्धती चुकवू शकतात. ही कसोटी मी यासाठी सांगते की 'भटके' म्हटलं की आपल्या डोक्यात फक्त घोड्यावरचा धनुर्धारी येतो. तो स्टेपचा, आणि तोही सगळ्या स्टेपचा नाही.

आता घोडेस्वारीबद्दलच बोलू, कारण तुम्ही जे वाचलंय त्यात बहुतेक तेच असणार. घोड्यावर खूप वर्षं बसणाऱ्याच्या खुब्याची वाटी वरच्या बाजूला ताणल्यासारखी लांबट होते, मांडीच्या हाडाच्या मानेवर पुढच्या बाजूला एक घासल्यासारखा भाग दिसतो, कंबरेच्या मणक्यांवर दाबाने खळगे पडतात ज्यांना श्मॉर्ल नोड म्हणतात, आणि मांड्या आवळून धरणारे स्नायू जिथे हाडाला चिकटतात त्या जागा खडबडीत होतात. २०२३ मध्ये रोमानिया, बल्गेरिया, हंगेरी इथल्या कुर्गान म्हणजे मातीच्या ढिगाऱ्याखालच्या दफनांमधले सांगाडे तपासून स्टेपमधल्या यामनाया या पशुपालक संस्कृतीतले पाच जण घोडेस्वार असावेत असं मांडलं गेलं, काळ साधारण इसवीसनपूर्व ३०२१ ते २५०१. दोनशेहून जास्त सांगाडे तपासले त्यातले हे पाच, आणि तपासलेल्या सहा लक्षणांपैकी किती जुळतात यावर ते ठरवलं होतं.

पुढच्याच वर्षी, २०२४ मध्ये, दुसऱ्या गटाने त्यावर सविस्तर हरकत घेतली. त्यांचं म्हणणं, खुब्याची वाटी लांबट व्हायला घोडाच लागतो असं नाही, मांड्या वाकवून तासन् तास बसावं लागतं, मग ती गाडी असेल, दुसरं जनावर असेल किंवा काम करायची बैठक असेल. शिवाय प्राचीन डीएनएवरून आजच्या पाळीव घोड्याचा वंश सगळीकडे पसरायला लागतो तो इसवीसनपूर्व २२०० च्या आसपास, म्हणजे त्या पाच जणांच्या नंतर. माझं मत विचाराल तर त्या पाच जणांच्या कंबरेवर आणि मांड्यांवर वेगळ्या प्रकारचा भार आला होता इतकं मी मान्य करेन, तो घोड्यामुळेच आला होता असं फक्त हाडावरून मी लिहिणार नाही.

याच्या उलट एक उदाहरण आहे जे मला पद्धत म्हणून फार आवडतं. हंगेरीत दहाव्या शतकातलं शाररेतुद्वारी नावाचं दफनस्थान आहे. तिथे काही जणांसोबत रिकिबी, लगामाची कडी अशा वस्तू पुरलेल्या आहेत आणि काहींसोबत नाहीत. अभ्यासकांनी याच दफनस्थानातले दोन गट एकमेकांशी ताडून बघितले आणि तिसरा गट घेतला लिस्बनच्या संग्रहातल्या, जगण्याची नोंद असलेल्या, घोड्यावर न बसणाऱ्या माणसांचा. हे महत्त्वाचं का, तर पहिल्या दोन गटातली माणसं एकाच समाजातली, एकाच काळातली, एकाच मातीतली. मग खुब्यात फरक दिसला तर तो वंशाचा किंवा खाण्याचा असण्याची शक्यता कमी होते.

आता तुमच्या कम्प्युटरकडे येते. समजा तुम्ही एका बाजूला दक्षिण सायबेरियातल्या तुवामधले आणि मंगोलियातले सांगाडे घेतले, त्यांना 'भटके' असं लेबल दिलं, दुसऱ्या बाजूला युरोपातल्या किंवा गंगेच्या खोऱ्यातल्या शेतकरी गावातले घेतले. मॉडेल शिकेल, अचूकताही भरपूर येईल, आणि ते शिकलेलं असेल पूर्व आशियाई बांधा आणि दुसरा बांधा यातला फरक, किंवा थंड प्रदेशातलं आखूड-रुंद शरीर आणि उष्ण प्रदेशातलं सडसडीत शरीर यातला फरक, किंवा अगदी दोन म्युझियममधल्या स्कॅनरचा फरक. भटकेपणाशी त्याचा संबंध नसेल आणि आकडा मात्र छान दिसेल. त्यात लेबल कुठून आलं हाही प्रश्न आहेच. 'भटका' हे लेबल बहुतेक वेळा कबरीतल्या घोड्यावरून नाहीतर हत्यारावरून दिलेलं असतं, म्हणजे जे सिद्ध करायचंय तेच आधी गृहीत धरलेलं असतं.

इथे एक जुनी गोष्ट सांगावीशी वाटते कारण ती पुण्याचीच आहे. इरावतीबाई कर्वे १९२० च्या दशकाच्या शेवटी बर्लिनला पीएचडीला गेल्या, विषय होता कवटीच्या दोन बाजूंमधला असमानपणा, आणि त्यांच्या मार्गदर्शकांना त्यातून वंशावंशातला श्रेष्ठ-कनिष्ठपणा दिसावा अशी अपेक्षा होती. बाईंनी मोजमापं घेतली आणि तसा काही संबंध दिसत नाही असं लिहिलं. परक्या देशात, आपल्या मार्गदर्शकासमोर. आज आपण कवटीवर थ्रीडी लँडमार्क, म्हणजे ठरावीक जागांचे बिंदू, लावतो, सॉफ्टवेअर आकारमान काढून टाकून फक्त आकाराची तुलना करतं, रंगीत आकृत्या येतात, पण त्या बिंदूंच्या ढगाभोवती गोल काढून त्याला एखाद्या जमातीचं नाव देणं हा मोह शंभर वर्षांपूर्वीचाच आहे. तुम्ही बाहेरून या क्षेत्रात येताय म्हणून हे मुद्दाम सांगतेय, हे तुमच्या मनात पहिल्या दिवसापासून असायला हवं.

इथपर्यंतचं थोडक्यात, कारण पुढे विषय बदलतोय: हाडावरून भार, खाणं आणि लहानपणीचं ठिकाण कळतं, भटकेपणा हा त्यावरून काढलेला निष्कर्ष आहे, आणि तुलनेसाठी गट कसा निवडला यावर सगळं अवलंबून आहे.

आपल्या जवळचं उदाहरण म्हणजे इनामगाव. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी, पुण्याहून गाडीने दीड-दोन तास. डेक्कन कॉलेजने १९६८ ते १९८३ या काळात बारा हंगाम तिथे उत्खनन केलं, सांकलिया, अन्सारी, ढवळीकर. साधारण इसवीसनपूर्व १६०० ते ७०० अशी वस्ती. आधीच्या काळात मोठी चौकोनी घरं, आणि शेवटच्या म्हणजे उत्तर जोर्वे काळात, इसवीसनपूर्व १००० नंतर, लहान गोल झोपड्या. ढवळीकरांनी मांडलं की हवामान कोरडं होत गेलं, शेती परवडेना, लोक मेंढ्या-शेळ्यांवर जास्त अवलंबून राहून अर्धभटके झाले. दख्खनमधल्या पशुपालनाची जुनी मुळं शोधणाऱ्या कोणालाही हा मुद्दा ओलांडून जाता येत नाही.

मग सांगाडे काय म्हणतात? इथे हाडांच्या अभ्यासाची खरी कसोटी लागते. इनामगावची बहुतेक दफनं लहान मुलांची आहेत, दोन राखाडी कुंभ तोंडाला तोंड लावून, घराच्या जमिनीखाली आडवे ठेवलेले. मोठ्या माणसांचे घोट्याखालचे पाय कापून मग पुरलेलं आहे. का कापले यावर बरेच तर्क आहेत, पण माझ्या दृष्टीने त्याचा परिणाम असा की चालण्याबद्दल सगळ्यात जास्त बोलू शकणारी हाडं, टाचेचं आणि घोट्याचं, तिथे नाहीतच. पहिल्यांदा ते सांगाडे बघितले तेव्हा मला हे फार जाणवलं होतं, प्रश्न चालण्याचा आणि पायच नाहीत.

म्हणून तिथे लोकांनी दुसरी वाट काढली. वाळिंबे सर आणि ल्यूकाक्स यांनी दातांवर आणि सांगाड्यांवर काम केलं, नंतर ग्वेन रॉबिन्स शुग यांनी मुलांच्या मांडीच्या हाडाची वाढ आणि जाडी बघून उत्तर जोर्वे काळात मुलांची वाढ खुंटत होती असं दाखवलं. मुलाचं हाड रोज बदलत असतं त्यामुळे दुष्काळ, आजार, आईचं दूध कधी सुटलं हे सगळं त्यात लवकर उमटतं. पण बघा, यातून ताण कळला, भटकणं नाही. एकाच जागी राहून उपाशी असलेलं मूल आणि फिरतीवर असलेलं उपाशी मूल यांचं हाड सारखंच दिसेल.

मग भटकणं कुठे शोधायचं? माझा सल्ला ऐकून बऱ्याच जणांना नवल वाटतं, तो म्हणजे माणसाआधी मेंढीचे दात बघा. मेंढीची दाढ उंच असते आणि ती वरून खाली हळूहळू तयार होते, जवळपास वर्षभर, त्यामुळे एकाच दाढेवर ओळीने नमुने घेतले तर पावसाळा, हिवाळा, उन्हाळा असा क्रम ऑक्सिजनच्या आयसोटोपमध्ये दिसतो आणि स्ट्रॉन्शियम त्या क्रमाबरोबर बदलतंय का तेही बघता येतं. माणसाचं एनॅमल इतकं बारीक हंगामी चित्र सहज देत नाही. माणसाच्या बाबतीत आम्ही पहिली दाढ आणि अक्कलदाढ यांची तुलना करतो, पहिली जन्मापासून साधारण तिसऱ्या वर्षापर्यंत तयार होते आणि तिच्यात आईच्या दुधाचा परिणाम मिसळलेला असतो, अक्कलदाढ आठव्या वर्षाच्या पुढे. दोन्हीत मोठा फरक असेल तर मधल्या काळात माणसाने जागा बदलली असं म्हणता येतं, पण ती एकदाच बदलली की दरवर्षी बदलायचा हे त्या दोन आकड्यांतून कळत नाही. लग्न होऊन दूर गावी गेलेल्या मुलीचा आणि फिरत्या कळपाबरोबर वाढलेल्या मुलीचा आकडा सारखा येऊ शकतो.

आपल्याकडे अजून एक अडचण म्हणजे हाड टिकत नाही. उष्ण हवा, काळी माती, दरवर्षी ओलं-कोरडं होणं, यामुळे हाडातलं प्रथिन म्हणजे कोलॅजन आणि डीएनए दोन्ही खराब होतात. हरियाणातल्या राखीगढी या हडप्पाकालीन ठिकाणच्या २०१९ च्या कामात एकसष्ट नमुने तपासले होते आणि त्यातल्या एकाच व्यक्तीचा उपयोगी डीएनए मिळाला. याउलट अल्ताई पर्वतात पाझिरिकच्या कबरी गोठलेल्या, तिथे कातडी, गोंदण, घोड्याचं खोगीर, नमदे सगळं मिळालं. त्यामुळे स्टेपवरचा एखादा पेपर वाचून तीच यादी दख्खनमध्ये मागू नका, इथे काय टिकलंय तिथून प्रश्न ठरवायला लागतो.

आता डिजिटल भाग, ज्याची तुम्ही वाट बघत असाल. दोन अगदी वेगळी कामं 'डिजिटल मॉडेलिंग' या एकाच नावाखाली येतात. एक म्हणजे हाडाचं मॉडेल, दुसरं म्हणजे प्रदेशाचं आणि लोकांच्या हालचालीचं मॉडेल.

हाडाचं मॉडेल फोटोवरून करता येतं, लेझर किंवा प्रकाशाच्या स्कॅनरने करता येतं, सीटीने करता येतं. काय वापरायचं हे प्रश्नावर अवलंबून. बाहेरचा आकार हवा असेल, म्हणजे खुब्याची वाटी, स्नायूंच्या जागा, तर नीट काढलेले शंभरएक फोटो पुरतात, मऊ सारखा प्रकाश, फोटो एकमेकांवर भरपूर चढलेले, आणि फ्रेममध्ये मोजपट्टी. मोजपट्टी विसरलात तर मॉडेलला आकार आहे पण माप नाही. मांडीच्या हाडासारखं लांब हाड दोन बाजूंनी वेगवेगळं काढून जोडायला लागतं आणि जोडाच्या जागी अर्धा-पाऊण मिलिमीटर सरकलं तरी लक्षात येत नाही. हाडाची आतली भिंत किती जाड आहे ते हवं असेल तर सीटीच लागतो, आणि पुरलेल्या हाडाच्या पोकळीत माती भरून घट्ट झालेली असते, तिची घनता हाडाच्या इतकी जवळ येते की सॉफ्टवेअर दोघांना एकच समजतं, मग एकेक काप हाताने साफ करत बसायचं.

एक अनुभव सांगते. एका प्रकल्पात आम्ही स्कॅनिंग बाहेरच्या लोकांकडून करून घेतलं. मेश, म्हणजे हाडाच्या पृष्ठभागाच्या कम्प्युटरमधल्या जाळ्या, फार सुंदर आल्या, कुठे भोक नाही, कुठे खरखर नाही. सात-आठ महिन्यांनी मी मांडीच्या हाडाच्या मागच्या उभ्या कंगोऱ्यावर, जिथे मांडीचे स्नायू धरलेले असतात, तिथला खडबडीतपणा मोजायला बसले तर सगळ्याच हाडांवर तो मला आठवत होता त्यापेक्षा कमी. शोधल्यावर कळलं की मेश बनवताना आपोआप गुळगुळीत करायचा पर्याय चालू ठेवला होता आणि मूळ फाइल जपलेल्या नव्हत्या. हाडं तोपर्यंत परत गेली होती, परवानगी परत काढायला वर्ष गेलं. चूक त्यांची होती पण लिहून न देण्याची चूक माझीही होती, आता प्रत्येक कामात कच्चे फोटो आणि केलेली प्रत्येक प्रक्रिया लिहून मागते. तुमच्या क्षेत्रात मेश सुंदर करणं हे कौशल्य आहे, इथे त्या मेशची कुरूपता हाच डेटा आहे, ही सवय बदलायला तुम्हाला वेळ लागेल.

स्नायूंच्या जागांबद्दल अजून एक, कारण त्यावर फार लवकर गोष्टी रचल्या जातात. त्या खडबडीत होण्याचं सगळ्यात मोठं कारण वय आहे. मग शरीराचा आकार. काम त्यानंतर येतं. पन्नाशीचा शेतकरी आणि पंचविशीचा घोडेस्वार शेजारी ठेवले तर शेतकऱ्याच्या खुणा ठळक दिसतील. त्यामुळे वय आणि लिंग नीट ठरवल्याशिवाय पुढे जाता येत नाही, आणि ते ठरवायला कंबरेचं हाड हातात घेऊन, फिरवून, प्रकाशात तिरकं धरून बघायला लागतं. म्हणून म्हटलं आधी हाडं.

मांडी आणि नडगीच्या हाडांच्या आडव्या छेदाचा आकार हा चालण्याचा बऱ्यापैकी चांगला निर्देशक आहे. खूप चालणाऱ्यांचं हाड पुढून-मागे जास्त भक्कम होतं, छेद गोल न राहता लांबट होतो. पण तो आकार नुसत्या अंतरावर ठरत नाही, चढ-उतारावरही ठरतो, डोंगराळ भागात राहून थोडं चालणारा आणि सपाटीवर भरपूर चालणारा सारखे दिसू शकतात. सह्याद्रीच्या कुशीतल्या गावातला शेतकरी आणि सोलापूरच्या सपाटीवरचा मेंढपाळ अशी जोडी घेतली तर मला आधीच उत्तर सांगायची हिंमत होणार नाही.

दुसरं मॉडेल म्हणजे हालचालीचं. इथे तुमचं सिम्युलेशन थेट उपयोगी आहे. नेहमीची पद्धत म्हणजे नकाशावर उंचसखलपणा घ्यायचा आणि दोन ठिकाणांमधली कमी कष्टाची वाट काढायची. चालण्याचा वेग उतारावर कसा बदलतो याचं टॉबलरचं १९९३ चं सूत्र आहे, त्यात सर्वात जास्त वेग ताशी सहा किलोमीटर, तोही हलक्या उतारावर. ते एकट्या चालणाऱ्या माणसाचं सूत्र आहे. कळप चरत जातो, पाण्यापाशी थांबतो, कोकरू थकलं तर सगळे थांबतात. आणि आपल्याकडे तर वाट डोंगर ठरवत नाही, कुठल्या गावातल्या कुठल्या शेतकऱ्याने या वर्षी मेंढरं बसवायला बोलावलंय ते ठरवतं, आणि ती नाती पिढ्यान् पिढ्यांची असतात. कम्प्युटरने काढलेली वाट आणि वाड्याची, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाची, खरी वाट यात वीस-पंचवीस किलोमीटरचा फरक मी स्वतः एका म्हातारबाबांसोबत नकाशा घेऊन बसून बघितलाय, ते बोट ठेवून गावांची नावं सांगत होते आणि प्रत्येक नावापुढे माणसाचं नाव.

म्हणूनच २०१७ मध्ये फ्रॅचेटी आणि सहकाऱ्यांनी 'नेचर' या विज्ञान नियतकालिकात जे मांडलं ते मला पटतं. त्यांनी मध्य आशियाच्या डोंगरांमधले रेशीममार्ग दोन शहरांमधली जवळची वाट म्हणून काढलेच नाहीत. साधारण ७५० ते ४००० मीटर उंचीच्या पट्ट्यात उन्हाळी कुरणं कुठे आहेत ते घेतलं, कळप खालून वर कुरणांकडे कसे जातील याचा प्रवाह काढला, ओढे मिळून नदी होते तसा. पिढ्यान् पिढ्यांचे ते प्रवाह साचवल्यावर जी जाळी उमटली ती रेशीममार्गाच्या डोंगरातल्या माहीत असलेल्या ठिकाणांशी बरीच जुळली. ठिकाणं मॉडेलमध्ये आधी घातलेली नव्हती, नंतर ताडून बघायला ठेवली होती, आणि म्हणून त्या जुळण्याला वजन आहे.

तुम्हाला असं काही इथे करायचं असेल तर पावसाची उतरंड घ्या. महाबळेश्वरला वर्षाला पाच हजार मिलिमीटरच्या वर पाऊस आणि फलटणकडे गेलं की पाचशेच्या आसपास, मधलं अंतर शंभर किलोमीटरच्या आतलं. पावसाळ्यात मेंढीला चिखल आणि सततची ओल सोसत नाही, पायाचे आजार होतात, म्हणून ती पर्जन्यछायेत, आणि पाऊस संपला की भात कापलेली रानं मोकळी होतात म्हणून घाटाकडे आणि खाली कोकणात. एवढे दोनच नियम आणि शेतकऱ्याचं बोलावणं हा तिसरा, यावर चालणारी कुटुंबं नेटलोगोसारख्या सिम्युलेशनच्या साध्या साधनातही उभी करता येतात. पण एक पक्कं धरून ठेवा, मॉडेल चाललं म्हणजे तसंच घडलं असं नसतं, वेगवेगळे नियम देऊनही तोच नकाशा येऊ शकतो. मॉडेलचा उपयोग कुठे खणायचं, कुठल्या दातावर चाचणी करायची, कुठला तर्क टिकत नाही हे ठरवायला.

आणि पुरलेलं कोण आहे हेही विसरू नका. १९९२ मध्ये वुड आणि इतरांनी एक निबंध लिहिला ज्याने आमच्या क्षेत्राला बरंच हलवलं. त्याचा गाभा असा की दफनस्थानात मेलेली माणसं असतात, जगत असलेला समाज नसतो. हाडावर आजाराची खूण उमटायला आजाराशी काही महिने झगडावं लागतं, जो लगेच गेला त्याचं हाड स्वच्छ. म्हणजे खुणा असलेला सांगाडा कधी कधी जास्त चिवट माणसाचा असतो. भटक्यांमध्ये तर जो वाटेत गेला तो वाटेतच पुरला जातो, आपल्याला मिळतात ती मोठी कुर्गानं, मानाच्या माणसांची. तुवामधल्या आयमीर्लिगसारखी मोठी सामाईक दफनस्थानं मिळाली, मुलं, बायका, अपंग माणसं सगळ्यांसकट, तर ती म्हणूनच मोलाची. तिथे आयलीन मर्फी यांनी जन्मापासून खुबा निखळलेल्या लोकांची नोंद केलीये, मोठेपणापर्यंत जगलेले. त्या समाजाने त्यांना सोबत नेलं होतं. मॉडेलमधल्या प्रत्येक माणसाला सारखाच वेग देताना मला ते लोक आठवतात.

परवानगीबद्दल. थ्रीडी मॉडेल ही फाइल आहे म्हणून ती कुठेही टाकता येते असं समजू नका. अल्ताई पर्वतातल्या उकोक पठारावर १९९३ मध्ये मिळालेली गोंदणवाली स्त्री, तिला नोवोसिबिर्स्कला नेलं, अल्ताईच्या लोकांनी जवळजवळ दोन दशकं ती परत मागितली आणि २०१२ मध्ये ती अल्ताईला परत गेली. तिचा स्कॅन कोणाचा? हा प्रश्न आपल्याकडेही येणार आहे, आणि जिवंत धनगर कुटुंबांसोबत काम कराल तेव्हा तर वाटा, चराईची ठिकाणं नकाशावर उघड केल्याने त्यांचंच नुकसान होऊ शकतं. आधी विचारा, नाही म्हणाले तर थांबा.

आता सुरुवात कशी करायची. नोकरी लगेच सोडू नका. आठवड्यातून एक दिवस काढा, डेक्कन कॉलेजच्या पुरातत्त्व विभागात किंवा विद्यापीठाच्या मानवशास्त्र विभागात कोणाशी तरी बोलून हाडं हाताळायला शिकायची सोय बघा, सहा महिन्यात तुटका तुकडा बघून कुठलं हाड, डावं की उजवं हे सांगता आलं पाहिजे. प्रत्येक माप दोनदा घ्या, मध्ये दोन आठवडे जाऊ द्या, पहिला आकडा न बघता. तुमच्या दोन मापांमधला फरक हा जर दोन गटांमधल्या फरकाइतकाच असेल तर पुढे काही लिहिता येत नाही. स्कॅनच्या सरावासाठी न्यू मेक्सिकोचा मृत व्यक्तींच्या सीटी स्कॅनचा संग्रह आहे, पंधरा हजारांहून जास्त माणसांचे संपूर्ण शरीराचे स्कॅन, रीतसर अर्ज केला तर अभ्यासाला मिळतात आणि सोबत त्या माणसांची माहितीही असते.

आणि तो शेजारचा प्रश्न, जो मी सुरुवातीला म्हटला होता. घोडेस्वारीच्या सगळ्या वादात खुब्याच्या वाटीची उंची आणि रुंदी यांचं गुणोत्तर मध्यभागी आहे, आणि उत्खननात मिळालेल्या वाट्यांची कड जवळजवळ नेहमी कुठेतरी तुटलेली असते. तुम्ही त्या संग्रहातल्या शाबूत वाट्या घ्या, गुणोत्तर काढा, मग कम्प्युटरवर कड दहा टक्के तोडा, वीस टक्के, तीस टक्के, वेगवेगळ्या जागी, आणि उरलेल्या कडेवर लंबवर्तुळ बसवून गुणोत्तर किती सरकतं ते बघा. वरची कड तुटली तर काय होतं आणि मागची तुटली तर काय, हे वेगळं मांडा. भटका कोण ते यातून कळणार नाही, पण पुढच्या वेळी कोणी तुटक्या वाटीवरून घोडेस्वार जाहीर केला तर तो आकडा धरायचा की सोडायचा हे तुमच्या आलेखावर बोट ठेवून सांगता येईल. पहिल्या वीस वाट्या झाल्या की इथे टाका, डाव्या आणि उजव्या वेगळ्या, मी माझ्याकडची मापं शेजारी ठेवून बघते.